वीस फुटी की चाळीस फुटी

मिस्त्रींना शेड सोडावी लागणार होती. मालकाला जागा हवी होती. नवी जागा मिळेपर्यंत सुतारकामाची मशीनं कंटेनरमध्ये भरून बहिणीच्या परसात ठेवायची, एवढं ठरलं. आता प्रश्न फक्त कंटेनरच्या आकाराचा होता.

“चाळीस फुटीच लागेल,” मिस्त्री म्हणाले. दारं-खिडक्या करण्यात जन्म गेलेला माणूस. मापाच्या बाबतीत त्यांच्याशी वाद घालायची कुणाची टाप नव्हती, आणि हट्टीपणात तर त्यांचा हात धरणारं कुणीच नव्हतं. बहीण मात्र फोनवर म्हणाली, “दादा, चाळीस फुटी ठेवलास तर आम्हाला त्यातच राहायला जावं लागेल!”

शेवटी मिस्त्रींनी नेहमीच्या सवयीनं शेडच्या फरशीवर खडूनं वीस फुटी कंटेनर आखला, अगदी खऱ्या मापात. आत एकेका मशीनची चौकट काढत गेले. रंधा मशीनपाशीच जागा संपली.

“बघ,” ते मुलीला म्हणाले. आपलंच खरं झालं म्हणून त्यांना मनातून बरंही वाटलं.

मुलगी वाकून बघत राहिली. “बाबा, करवतीच्या पुढेमागे एवढी मोकळी जागा कशाला?”

“फळी सरकायला नको? आणि इथे मी उभा राहणार.”

“पण नुसतं ठेवायचंय ना? चालवायचंय कुठे?”

मिस्त्रींनी खडू खाली ठेवला. वर्षभरापासून त्यांचा उजवा हात थरथरत होता आणि डॉक्टरांनी मशीनला हात लावू नका असं बजावलं होतं. ‘नवी जागा मिळेपर्यंत’ हे घरचे आपलं मन राखायला म्हणतात, हे त्यांना कळत होतं. तरी त्या शब्दांवर ते दिवस ढकलत होते.

त्यांनी ओल्या फडक्यानं आखणी पुसली आणि पुन्हा आखली, मशीनला मशीन चिकटवून, माणसाला उभं राहायला कुठेही जागा न सोडता. वीस फुटीत सगळं बसलं. कोपऱ्यात थोडी जागा उरलीसुद्धा. मिस्त्री तिथेच खाली बसले.

भरलेला कंटेनर बहिणीच्या परसात उतरवताना क्रेनवाल्यानं विचारलं, “मिस्त्री, दार कोणत्या बाजूला करू?”

“भिंतीकडे.”

“अहो, मग उघडणार कसं?”

“उघडायचंय कुणाला?” मिस्त्री म्हणाले. क्रेनवाला आणखी काही विचारायच्या आत मुलीनं पुढे होऊन भिंतीकडे बोट दाखवलं.