स्तामेनाने पाहिलेला गोल

डॅन्यूबकाठच्या बंदरावर स्तामेनाने अकरा वर्षं क्रेन चालवली. एकतिसाव्या वर्षी शिडीवरून पडली, पाय लुळे पडले आणि चाकाची खुर्ची आली. नवरा झेल्याझ्को पहिले काही महिने घरात पाय न वाजवता वावरायचा. शेवटी तीच खेकसली, "अरे, पाय गेलेत, मी अजून आहे. आज मॅच आहे ना? चल घेऊन!"

तेव्हापासून गावच्या मैदानावरची एकही मॅच तिने चुकवली नाही. जुन्या स्टँडला नुसत्या पायऱ्या. चौघं जण तिला खुर्चीसकट वर न्यायचे.

"ताई, या आठवड्यात चीजचा बानित्सा जरा जास्तच खाल्ला गेला वाटतं!"

"उचल गुमान, नाहीतर तुझ्याच अंगावर पडेन!"

ती हसायची, पण तिला जाता येईल असा संडास तिथे नव्हता, म्हणून मॅचच्या दिवशी सकाळपासून पाण्याचा घोटही घ्यायची नाही, हे फक्त झेल्याझ्कोला माहीत होतं.

मग नवा स्टँड झाला. उतार, रुंद दारं, मोठा संडास, खुर्चीवाल्यांसाठी सहा जागा. क्लबचा अध्यक्ष बोगोमिल, गावातला बेकरीवाला आणि स्तामेनाचा शाळासोबती, फीत कापताना फुशारला होता. पहिल्याच मॅचला आपल्या गावच्या एका पोराने गोलवर फटका मारला, पुढची सगळी रांग ताडकन उठली आणि स्तामेनाला दिसल्या त्या फक्त ओळीने पँटी. पुढच्या तिन्ही मॅचना तेच. शिवाय झेल्याझ्कोची खुर्ची विसाव्या रांगेत.

ती थेट बेकरीत गेली.

"बोगोमिल, मला गोल बघायचाय."

"मग बघ की! लोक उठतात त्याला मी काय करू? बांधून ठेवू?"

"रविवारी माझ्याशेजारी बस. अट एकच, उठायचं नाही."

बोगोमिल स्वयंपाकघरातलं स्टूल आणि सूर्यफुलाच्या बियांचा पुडा घेऊन आला. स्टँडचा आराखडा काढणारी इंजिनिअर रादोस्तिनाही आली. चौऱ्याहत्तराव्या मिनिटाला आपली पोरं चेंडू घेऊन सुटली आणि पुढची रांग उठली. बोगोमिलही अर्धा उठला, पण त्याच्या कोटाचं टोक स्तामेनाच्या मुठीत होतं, आणि ती मूठ क्रेनवालीची होती.

"बस खाली!"

"अगं, गोल होतोय!"

"मलाही तसंच वाटतंय!"

मैदान दणाणलं. बोगोमिल समोरच्या पाठींना विचारत सुटला, "कोणी मारला? अरे, कोणी मारला?" कोणी वळूनही पाहिलं नाही. त्याचा चेहरा बघून रादोस्तिना खो खो हसली. मग पिशवीतून टेप काढून तिने जमिनीपासून स्तामेनाच्या डोळ्यांपर्यंतची उंची मोजली.

"समोरचे लोक बसलेलेच राहतील असं धरलं होतं मी," ती ओशाळून म्हणाली.

"आमच्या गावात?" स्तामेनाने विचारलं.

हिवाळ्यात त्या सहा जागा चांगल्या कमरेइतक्या उचलल्या गेल्या. प्रत्येक जागेशेजारी सोबत्याची खुर्ची बसली. पण कठड्याची दांडी नेमकी डोळ्यांसमोर आली होती. स्तामेनाने वर जाऊन पाहिलं, बोंब मारली, आणि तिथे काच लागली.

वसंतातली पहिली मॅच शेजारच्या गावाशी. झेल्याझ्को शेजारी बसलेला. कडेने चेंडू उंच आला, एका उंच पोराने डोकं लावलं, गोलकीपरच्या बोटांना घासून चेंडू जाळीत गेला. पुढचे सगळे उठले होते, तरीही स्तामेनाने तो अथपासून इतिपर्यंत पाहिला. दोन्ही हात वर करून ती ओरडली, "गोऽऽल!"

अख्खा स्टँड चिडीचूप. झेल्याझ्कोने टोपी नाकापर्यंत ओढली.

"अगं, त्यांचा होता तो!"

"असू दे! काय सुरेख होता रे!"

गाव मॅच हरलं. बोगोमिल तिच्याशी दोन दिवस बोलला नाही. पण उन्हाळ्यापर्यंत त्या सहाही जागा भरायला लागल्या. पक्षाघातानंतर चार वर्षं घराबाहेर न पडलेला जुना रेफ्री कोस्तादिन आता स्तामेनाला लागून बसतो, आणि ऑफसाइडवरून दोघांची इतकी जुंपते की झेल्याझ्कोला मधली खुर्ची घ्यावी लागते.