नानासाहेबांचा उपवास

स्वारगेटहून आमची मिनीबस निघाली तेव्हा प्रत्येकाच्या हातात एक रंगीत पत्रक होतं. ‘वस्ती पर्यटन : मनं जोडणारी सहल’. शहरातली माणसं गरीब वस्त्यांमध्ये जाऊन जेवली की दुरावा संपेल, असं एका संस्थेनं ठरवलं होतं, आणि तो रविवारी पाचच्या आत संपवायचा होता. मनं जोडायला निघालेल्या आम्ही सोळा जणांनी प्यायचं पाणी मात्र घरून घेतलं होतं.

कात्रजचा नवा बोगदा, कापूरहोळचा फाटा आणि मग भोर. बाजारपेठेच्या तोंडाशी नानासाहेब उभे होते. पेठेतले जुने कापड व्यापारी आणि या सहलीचे स्थानिक मार्गदर्शक. त्यांनी आम्हाला राजवाडा दाखवला, नीरेचा घाट दाखवला आणि घाटावरच समतेवर छोटंसं भाषण केलं.

पेठ आणि वस्ती यांच्यामध्ये एक ओढा, त्यावर साकव (लहान लाकडी पूल). चालत चार मिनिटं.

“पेठेतले लोक इकडे येतात का?” मी विचारलं.

“येतात की, निवडणुकीला,” नाना मोकळेपणानं म्हणाले.

साकवाचा फोटो काढण्याच्या नादात आमच्यातले एक निवृत्त बँक अधिकारी ओढ्यात घसरले. वस्तीतल्या बायकांनी त्यांना वर ओढलं, पाय धुवायला ऊन पाणी दिलं, हरवलेली चप्पलही शोधून आणली. आभार मानून ते अधिकारी स्वतःच्या बाटलीतलं पाणी प्यायले.

जेवण शेवंताताईंकडे होतं. बुद्धविहाराला लागून घर, दारावर नवी पाटी : ‘घरगुती खानावळ’. भाटघर धरणातल्या माशांचं कालवण (रस्सा), तांदळाची भाकरी, आंबेमोहोराचा भात. तिसरी भाकरी घेताना मी म्हणालो, “ताई, तुमची खानावळ जोरात चालत असणार.”

“तुमी येता म्हैन्यातनं एकदा,” त्या म्हणाल्या. “रोजचं गिऱ्हाईक पेठंतलंच पायजे, दादा. त्यांतलं कुनी साकव वलांडत न्हाई. नानांनी एकडाव हितं बसून दोन घास खाल्लं, तर पेठ येईल. न्हाईतर ह्या म्हैन्यात पाटी उतरवायची आन् पुन्हा लोकाच्या रानात रोजगाराला जायाचं.”

नाना ओट्यावर न चढता खाली उभे राहूनच आमच्या ताटांकडे कौतुकानं बघत होते. म्हणाले, “आज माझा रविवारचा उपवास. नाहीतर बसलोच असतो.”

“व्हय की,” शेवंताताई शांतपणे म्हणाल्या. “मागल्या बारीला गुरुवारचा हुता. त्याच्या आदी शनवारचा. म्हनून आज भगर (वरीच्या तांदळाचा भात) केलीया, दान्याची आमटी केलीया. भांडी नवी हाईत, चूल येगळी मांडलीया. बसा, नाना.”

मी मनातल्या मनात म्हणत होतो, अहो, बसा की एकदाचे. नानांनी घड्याळ पाहिलं, साकवाकडे पाहिलं.

“असं करा, पार्सलच द्या. देवाला दाखवून घरीच खाईन.”

शेवंताताईंनी डबा भरला.

समारोपाचं भाषण करायला नाना आमच्या बसमध्ये चढले. डबा पुढच्या सीटवर ठेवून बोलले, टाळ्या घेतल्या आणि उतरले.

“नाना, डबा!” मी खिडकीतून ओरडलो. ते आणखी भरभर चालू लागले.

कापूरहोळ यायच्या आत ती भगर मी संपवली. फार चांगली झाली होती. चीडही फार आली होती. घरी पोचल्यावर बायकोला सगळं सांगताना माझा आवाज चढला. ढोंगी, भेकड, आणखीही बरंच काही म्हणालो मी नानांना.

आमच्याकडे अकरा वर्षं धुणीभांडी करणाऱ्या कमलताई मोरीत बसून शेवंताताईंचाच डबा घासत होत्या. त्या आमच्या सोसायटीच्या भिंतीमागच्या वस्तीत राहतात. त्यांचं दार आमच्या गॅलरीतून दिसतं.

“दादा, येवढं भोरला जाऊन जेवलात,” त्या म्हणाल्या, “तर गुरुवारी आमच्याकडं या. नातवाचं बारसं हाय.”

भोरला मला ओळखणारं कोणी नव्हतं. इथे सगळी सोसायटी गॅलरीत उभी असते.

“गुरुवारी होय?” मी म्हणालो. “गुरुवारी माझा उपवास असतो.”

“मग तुमच्यापुरती खिचडी टाकते की,” कमलताई म्हणाल्या आणि डबा धुऊन त्यांनी पालथा ठेवला.

पार्सल चालेल का, हे विचारायला मी तोंड उघडलं होतं.