शेजारच्या सीटचा बेल्ट

नव्या इंजिनावर सुरुवातीच्या प्रवासात आयुष्यभराचे संस्कार होतात, असं नांदेडच्या शोरूममध्ये गंभीरपणे सांगितलं गेलं. म्हणून लातूरच्या रस्त्यावर ट्रॅक्टरही आम्हाला मागे टाकत होते.

गाडी वडिलांनी बुक केली होती. ती हाती येण्याआधीच ते गेले. आई मागेच बसली. "पुढची जागा त्यांची हाय," म्हणाली.

लोह्याला थांबून निघालो आणि बेल्टची सूचना वाजू लागली. पडद्यावर शेजारची सीट लाल दिसत होती. तिथे कुणीच नव्हतं.

मागून आई शांतपणे म्हणाली, "अहो, लावा की. पोरगं गाडी चालवून राहिलंय."

मी हात लांबवून तो बेल्ट लावला. आवाज थांबला. आई लातूरपर्यंत त्यांच्याशी हळूहळू बोलत राहिली.

लोह्याला घेतलेल्या पाच किलो पेढ्यांचं वजन त्याच सीटवर होतं.