कोळ्यासमोर उभा राहिलेला पतंग

नालोंगकाकू अंगापिंडाने किरकोळ आणि स्वभावाने त्याहून किरकोळ. मडांग शहराच्या बाजारात अळूचे कंद मांडून बसायची, पण गिऱ्हाइकाला हाक मारायची नाही. हाका शेजारी बसून मी मारायच्या. अशा गरीब गायींचा मला राग येतो, पण हिच्यावर माझा जीव होता.

तिचा नवरा सिलाक गेला आणि धाकट्या दिराचा, गमुईचा, तिच्या अळूच्या रानावर डोळा गेला. एके सकाळी त्याने बांधावरची लाल पानांची रोपं उपटून फेकली. आमच्याकडे हद्द म्हणजे तीच रोपं. उपटणाऱ्याला मालकाने चारचौघांत अडवलं नाही, तर त्याने जमीन सोडली असं धरतात. दुसऱ्या दिवशी गमुई कुंपण घालायला येणार होता.

"मी माहेरी जाते," काकू म्हणाली. "भाऊ आहे तिथं."

"आणि खाशील काय? भावजयीचे टोमणे?"

निदान तयार कंद तरी काढून घ्यावेत म्हणून आम्ही दोघी रानात गेलो.

भर दुपारी उंबराखाली टेकलो, तर समोरच्या पानावर नखाएवढं काहीतरी झटक्याझटक्याने चालत होतं. काळेभोर चमकते डोळे, बाजूला वाकवलेले पाय.

"कोळी आहे गं," मी म्हणाले.

"कोळ्याला मिशा कुठल्या?" काकू म्हणाली. "पतंग आहे तो. नीट बघ, डोळे पंखांवर आहेत."

खरंच की. पाय वाटले तेही पंखांवरचे पट्टेच होते. एवढ्यात देठाकडून खराखुरा कोळी आला, उडी मारून शिकार करणारा. आता संपलं, असं मला वाटलं. पण पतंग उडाला नाही. तो वळला आणि पंख आणखी ताठ करून कोळ्यासमोर उभा राहिला. कोळी थबकला. पुढचे दोन पाय वर उचलून त्याने हलवले, हे कोळी एकमेकांना भेटले की हलवतात तसे. मग हळूहळू मागे सरत तो पानाखाली गेला.

माझ्या अंगावर काटा आला. जो खाणार, त्याचंच रूप घेऊन त्याच्यासमोर उभं राहायचं! एवढ्याशा जिवाला हे कुणी शिकवलं? मी चर्चमध्येही कधी इतकी गप्प बसले नसेन. काकूचे डोळे भरून आले होते.

"कोळ्यानं पाय उचलले ना," ती म्हणाली, "तिथंच तो फसला."

सकाळी गमुई कोयता घेऊन आला. मागे सगळं गाव. काकू बांधावर पुरुषांसारखी मांडी घालून बसली होती. झोळीतून तिने सिलाकची चुनाळी काढली, सुपारीबरोबरचा चुना ठेवायची, वाळक्या भोपळ्याची, आणि आतली काडी चुनाळीच्या तोंडावर घासली. खडखड. जमिनीच्या वादात आमचे पुरुष असंच करतात. 'मी मालक, बोल माझ्याशी,' असा त्याचा अर्थ. समोरच्याने आपली चुनाळी वाजवली, की त्याने पहिल्याची मालकी मानली. बाईने वाजवलेली मी तरी कधी ऐकली नव्हती.

"वहिनी, बाजूला हो," गमुई म्हणाला. "पोरखेळ पुरे."

तिने पुन्हा वाजवली, चढत्या जोराने, हुबेहूब सिलाकसारखी. गमुईचे डोळे लाल झाले. चुनाळी ऐकली की उत्तर द्यायची जन्माची सवय; हात झोळीत गेला आणि त्याचीही चुनाळी खडखडली.

"गमुई, उत्तर दिलंस तू," म्हातारा तुबेन म्हणाला. गावात शेवटचा शब्द त्याचा.

"रागात हात गेला, काका."

"राग कुणाचा का असेना, हात तुझाच ना?"

बायका हसायला लागल्या. मी सगळ्यांत मोठ्याने. गमुईचा चेहरा पडला. रिवाजाप्रमाणे तो काकूसमोर खाली बसला आणि सुपारी पुढे केली.

"बोल, वहिनी."

सुपारीला काकूने हात लावला नाही.

"आधी माझी रोपं लाव," ती म्हणाली. "मग बोलू."

गमुईने कोयता बाजूला ठेवला आणि दोन्ही हातांनी माती उकरायला लागला.