कुंचीचे बंद

त्या आठवड्यात मी तुरीची डाळ तीन वेळा निवडली. खडा एकही निघाला नाही.

भावाचं कार्ड गुरुवारी आलं होतं. त्याला मुलगा झाला होता. बारसं बाराव्या दिवशी, म्हणजे पुढच्या बुधवारी, वहिनीच्या माहेरी, जाफराबादजवळच्या खेड्यात. मी एकुलती एक आत्या, तेव्हा बाळाच्या कानात नाव सांगायचा मान माझा. खाली वहिनीने सांगून लिहवलेली ओळ होती : ‘कुंची वन्संच्या हातचीच पाहिजे, बाजारची न्हाई.’

कुंची म्हणजे बाळाच्या डोक्यावरून पाठीवर सुटणारं टोपडं, हनुवटीखाली दोन बंद. तासाभराचं काम. आम्ही तेव्हा अंबडला होतो, घरात मशीन होतं आणि गल्लीतल्या निम्म्या पोरांनी माझ्याच कुंच्या घातल्या होत्या. पण चार वर्षांत मी एकही शिवली नव्हती.

शेवटची शिवली ती माझ्या स्वतःच्या बाळासाठी, सातव्या महिन्यात, लाल खणाची. बाळ यायच्या आधी त्याचं काही शिवू नये म्हणतात. मी हसण्यावारी नेलं. माझं बाळ नवव्या दिवशी गेलं. बारसं झालंच नाही. सासूबाई एकदाच म्हणाल्या, “आधीच शिवली व्हती ना कुंची.” त्या वाईट नव्हत्या, पण ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. मी शिकलेली बाई, असल्या गोष्टींवर विश्वास नाही म्हणायची. आणि कुंचीसाठी कात्री हातात घेतली की बोटं गार पडायची.

शुक्रवारी मी मशीनला तेल दिलं. शनिवारी शेजारणीचे ब्लाउज शिवले, जे तिला महिनाभर नको होते. रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी, तसं माझं चाललं होतं. आमचे हे कोर्टात कारकून. संध्याकाळी आले आणि दारातच थांबले.

“काय करून राह्यलीस?”

“डाळ निवडून राह्यले.”

“कालच निवडली व्हती की.” मग जरा थांबून म्हणाले, “मी जालन्याहून आणू का तयार?”

मी त्यांच्यावर अशी खेकसले की ते बिचारे चहा न पिताच बाहेर गेले.

रविवार हा भावाच्या बाळाचा नववा दिवस. त्या दिवशी मी मशीनवरचं फडकं काढलंच नाही. दिवसभर रस्त्याकडे कान. टपालवाला रविवारी येत नाही हे माहीत होतं, पण तार येते, माणूस येतो. सायकलची घंटी वाजली की दारात जाऊन बघायची. कुणीच आलं नाही.

सोमवारी कापड कापलं आणि वाकडं कापलं. कापडच भिकार आहे म्हणून दुकानदाराला शिव्या घातल्या; नाचता येईना अंगण वाकडं. मंगळवारी दुसरा तुकडा घेऊन टोपडं शिवलं, मागचा घोळ शिवला, कडेला फीत लावली. बंद तेवढे राहिले. चार टाके. ते घातले की कुंची पुरी होणार होती, आणि ती पुरी करायची मला भीती वाटत होती. दुसरं काही कारण नव्हतं. सुई ओवली, ठेवली. पुन्हा ओवली. बुधवारी पहाटेची एसटी आली तेव्हा बंद पिशवीत सुटेच होते. जालन्याला गाडी बदलताना म्हटलं, बसस्टँडवर बसून लावू. लावले नाहीत.

बाळंतिणीच्या खोलीत गेले. वहिनीने हात पुढे केला. मी पिशवी दिली आणि सगळं सांगून टाकलं : लाल कुंची, सासूबाईंचं वाक्य, रविवार. “मी शिवलेलं त्याला घालू नका, वहिनी,” म्हटलं आणि रडायला लागले.

तिने कुंची उलटसुलट पाहिली. उशाखालून सुईदोरा काढला आणि मांडीवरचं पोर माझ्या मांडीवर दिलं. “बंद मी लावते. अर्धी तुमची, अर्धी माझी. मंग जे व्हायचं ते दोघींचं.” तिचे टाके अगदी गबाळे होते.

बाळाला कुंची घालून पाळण्यात ठेवलं. मी वाकले, कानाशी तोंड नेलं. आमच्यात आत्या कुर्रर्र करून नाव सांगते तेव्हा बाकीच्या बाया तिच्या पाठीत गुद्दे घालतात. माझ्या पाठीवर नुसते हात टेकले. सगळ्यांना माझं ठाऊक होतं. त्या हळू हातांनी माझा आवाजच फुटेना.

मागून वहिनी ओरडली, “अगं मारा की बराबर! आत्या हाय ती!”

मग मात्र धपाधप बसले. मी नाव सांगितलं.

पुढे दोन दिवस पाठ दुखत होती. यांनी तेल चोळू का विचारलं, मी नको म्हटलं.