केस पेपरवर झोपेला रकाना नव्हता

काटा शहाऐंशी किलोवर थांबला. महिन्यापूर्वी तो चौऱ्याऐंशीवर होता.

"सुपडूभाऊ, खाणं निम्मं करा म्हणून सांगितलं होतं ना?"

"करेल शे ना, साहेब. दोनच भाकरी खास." त्यांच्या अहिराणीत 'खास' म्हणजे 'खातो'.

"मग हे दोन किलो काय हवेने वाढले?"

ते खुंटीवरचा सदरा घालायला गेले, तर खिशातून गूळ-शेंगदाण्यांची पुडी पडली. कंपाउंडर फिसकन हसला. खोटं कशाला सांगू, मीही हसलो. चोर मुद्देमालासकट सापडला होता.

सत्तरच्या दशकाची सुरुवात. धुळ्यातल्या एका कापड गिरणीत मी डॉक्टर होतो. सुपडूभाऊ बॉयलरवर फायरमन, म्हणजे भट्टीत कोळसा टाकणारे. गिरणीत रात्रपाळी सगळे टाळतात. ह्या गृहस्थाने मात्र ती कायमची मागून घेतली होती. का, हे कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावलं.

"डॉक्टर, हा माणूस कामावर पेंगतो. बॉयलर आहे तो, चूल नाही. उद्या काही झालं तर? काय ते लिहून द्या."

मी मेडिकल कार्डावर शेरा मारला : 'अतिस्थूल. पथ्य पाळत नाही. स्थूलतेमुळे सुस्ती. रात्रपाळीस अयोग्य.' चार वाक्यं, आणि मला मोठं कर्तव्य केल्यासारखं वाटलं. सुपडूभाऊंना दिवसपाळीला गोदामात टाकलं.

तिसऱ्या दिवशी ते दवाखान्याच्या दारात उभे. समोर पेशंटची ही रांग.

"साहेब, मले रातपाळीच राहू द्या."

"तुमच्या भल्यासाठीच केलंय," मान वर न करता मी म्हणालो. "रात्री झोपा, कमी खा. पुढचा कोण?"

त्यांनी बाजूला होऊन पुढच्याला वाट दिली. मग गेले.

पुढचे तीन आठवडे उन्हाने नुसता कहर केला. एका सकाळी कंपाउंडर उशिरा आला. मयतीला गेला होता म्हणाला. सुपडूभाऊंची बायको गेली होती.

"आजारी होती?"

"तीन वर्षांपासून अर्धं अंग गेलेलं होतं, साहेब. मलाही चाळीत गेल्यावरच कळलं."

मग त्याने सगळं सांगितलं. रात्री शेजारची अक्का तिच्याजवळ झोपायची. दिवसा अक्का कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. म्हणून दिवसभर सुपडूभाऊ. भरवायचं, पुसायचं, दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. ह्या सगळ्यात स्वतःची झोप जेमतेम दोन-तीन तास, तीही तुकड्या-तुकड्यांनी. दिवसपाळी लागल्यावर ते उशाशी पाण्याचा तांब्या ठेवून कामावर यायचे. आदल्या दिवशी घरी परतले तेव्हा तांब्या कलंडलेला होता आणि ती गेलेली होती.

मी सगळं उलटं वाचलं होतं. माणूस लठ्ठ म्हणून पेंगत नव्हता. त्याला झोप नव्हती, म्हणून तो पेंगत होता आणि म्हणूनच फुगतही होता. झोप तुटली की भूक खवळते, गोडाधोडावर वासना जाते. अंग थकलेलं असल्यामुळे माणूस हालचालही कमी करतो. त्यात खाणं तोडलं तर चरबीऐवजी अंगातलं मांसच जास्त झिजतं. हे शास्त्र मी फार पुढे वाचलं. पण "झोपता किती?" एवढं विचारायला कुठलं शास्त्र लागत होतं?

पेंगणाऱ्या माणसाला बॉयलरवर ठेवू नये, हे मी आजही म्हणेन. पण त्याला तिथून काढताना त्याच्या घरी कोण आहे, हे मी विचारायला हवं होतं.

दिवाळीनंतर सुपडूभाऊ वार्षिक तपासणीला आले. काटा अठ्ठ्याहत्तरवर थांबला.

"खाणं कमी केलंत?" माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं.

"नही साहेब. पोटभर खास. आते झोप येस ना. रातभर येस." सदऱ्याची बटणं लावता लावता ते म्हणाले, "उठाडाले कोनीच नही."

मला त्यांच्याकडे बघवेना. "सुपडूभाऊ, तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तुमी भाकरीनं इचारं, साहेब. मी भाकरीनं सांगं."

खरंच, मी भाकरीचंच विचारलं होतं. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

संध्याकाळी मॅनेजरने कार्ड पाहिलं. "वा डॉक्टर! तुमचं औषध लागू पडलं की!"

तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत मी प्रत्येक केस पेपरवर वजनाच्या वर हाताने एक ओळ आखत आलो : झोप किती, आणि कमी असेल तर का. सुपडूभाऊंच्या कार्डावर त्या दिवशी 'वजन आठ किलोने उतरले' असं लिहिलं. पुढे 'समाधानकारक' लिहायची पद्धत होती. तो शब्द माझ्याच्याने लिहवला नाही.