बोट वर करा, साहेब!

माणसाला शर्ट काढून वजनकाट्यावर उभं केलं, की त्याचा हुद्दा खुंटीवर राहतो आणि किस्सा आमच्या पदरात पडतो. नाशिकजवळच्या एका विमान कारखान्याच्या मेडिकल रूममध्ये मी सव्वीस वर्षं टेक्निशियन होतो. असे किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपोआप साचतात. आजही लग्नकार्यात कुणी म्हणालं, "वाघ, होऊन जाऊ दे एखादा!" की मी सुरू. लोक पोट धरून हसतात. मीही हसायचो. हल्ली मात्र मध्येच लाज वाटते. का, ते आज सांगूनच टाकतो.

नवं विमान तयार झालं, की आधी आमचे पायलट ते उडवून बघायचे. पाच-सहाच जण, बहुतेक पन्नाशी ओलांडलेले. दर वर्षी त्यांची मेडिकल व्हायची. फिट असला तर कॉकपिट, अनफिट ठरला तर टेबल-खुर्ची आणि फायली. त्यामुळे आकाशात कुणाला न घाबरणारे हे लोक आमच्या दारात आले, की शाळेतल्या पोरांसारखे चुळबुळ करायचे.

*

थॉमस साहेबांचं वजन दर वर्षी किलो-दीड किलो जास्त भरायचं. आठ दिवस नुसती काकडी खाऊन यायचे. एकदा काट्यावर चढण्याआधी त्यांनी घड्याळ काढलं, पट्टा काढला, पाकीट काढलं. तरी काटा हलेना. मग त्यांनी तोंडात हात घातला आणि दाताची कवळी काढून माझ्या हातात दिली!

डॉक्टर म्हणाले, "साहेब, विमानात काय बिनदाताचे बसणार?"

थॉमस साहेब बोबडं बोलले, "डॉक्टर, मी विमान उडवतो. चावत नाही!"

*

देवरे साहेब मूळचे सटाण्याचे. कारखान्यातला सगळ्यात देखणा पायलट. लँडिंग असं, की चाक कधी टेकलं ते कळायचं नाही. एका वर्षी त्यांची मेडिकल झाली तेव्हा बाईसाहेब सटाण्याला होत्या. साहेब म्हणाले, "वाघ, घरी फोन करून सांग, काळजी करतात." सटाण्यात शेजारच्या दुकानात फोन होता. लाइन खरखरत होती, म्हणून मी थोडक्यात ओरडलो, "देवरे साहेब फिट! फिट!"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने त्यांची म्हातारी मावशी हजर. गेटवरच्या माणसाला न जुमानता थेट मेडिकल रूममध्ये. "कोठे शे मना भाचा?" दुकानदाराने निरोप दिला होता, साहेबांना फिट आली!

फिट ठरले तरी चष्म्याच्या नंबरासाठी डोळे पुन्हा एकदा बघायचे होते, म्हणून साहेब तिथेच बसलेले. मावशीने पिशवीतून कांदा काढला, बुक्कीने फोडला आणि साहेबांच्या नाकाला लावला. साहेब ओरडतायत, "मावशी, मी बरा शे!" पण ती सोडते कुठली! सटाण्याचाच कांदा तो. साहेबांच्या डोळ्यांतून धारा.

डॉक्टर म्हणाले, "डोळ्यांची तपासणी आता उद्या!"

इथपर्यंतचे किस्से मी कुठेही सांगतो. पुढचे सांगताना आवाज खाली येतो.

*

कान तपासायची आमची पद्धत साधी. साहेबांनी पाठ करून बसायचं, कानाला हेडफोन. मी मागे मशीनचं बटण दाबायचो. बारीक आवाज आला, की त्यांनी बोट वर करायचं.

देवरे साहेबांचं बोट कधीच चुकायचं नाही. पन्नाशीच्या पुढे असे कान! डॉक्टर थक्क. एकदा मी बटणावर नुसता हात नेला, दाबलंच नाही. तरी बोट वर!

समोर औषधांचं काचेचं कपाट होतं. काचेत माझा हात दिसत होता. साहेब ऐकत नव्हते, बघत होते.

मी काय केलं? काहीच नाही. मनातल्या मनात हसलो आणि रिपोर्टवर लिहिलं, 'नॉर्मल'. पुढच्या वर्षी तर हात जरा उंच उचलून बटण दाबलं. साहेबांना दिसायला सोपं जावं म्हणून! एवढा मोठा माणूस माझ्या हातात आहे, याचं मला अप्रूप वाटायचं, दुसरं काय!

*

त्याच वर्षी पेठकडचा मोतीराम धावपट्टीच्या कडेचं गवत कापत होता. ट्रॅक्टर बंद पडला, तोही नेमका पट्टीवर. टॉवरवरून देवरे साहेबांना तीनदा सांगितलं, "उतरू नका." साहेब उतरले. पंखाखालून मोतीरामने उडी मारली म्हणून वाचला. चौकशीत निघालं, रेडिओ खराब.

संध्याकाळी कॅन्टीनमध्ये कुणीतरी म्हणालं, "मोतीराम, फुकटात हजामत झाली तुझी!" सगळे खो-खो हसले. मोतीराम म्हणाला, "लय जवळून गेलं, साहेब," आणि चहा तसाच ठेवून उठला.

त्याचं बीपी मीच घेतलं होतं. रेडिओ खराब नव्हता, हे त्या कॅन्टीनमध्ये मला एकट्याला ठाऊक होतं. आणि सगळ्यांच्या बरोबरीने मीही हसलो.

*

मग दोन वर्षांनी व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीची योजना, आली. पन्नाशीपुढच्यांना टेबलावर फॉर्म. थॉमस साहेबांनी दोन दिवसांत सही केली. "आता पोटभर जेवतो," म्हणाले. देवरे साहेबांनी फॉर्म परत पाठवला. वर लिहिलं, 'मी अजून हवेत आहे.'

त्याच महिन्यात माझ्या मुलीचं लग्न. देवरे साहेब आले, मला केवढा अभिमान! व्याह्यांशी ओळख करून दिली. व्याही म्हणाले, "वाघसाहेब तुमच्याकडे मोठ्या जबाबदारीच्या कामावर आहेत म्हणे!" साहेब हसले. "वाघ? हा आमचा बटण दाबणारा!"

व्याही हसले. माझी मुलगीही हसली.

पुढच्या महिन्यात मेडिकल. मी सकाळी लवकर गेलो आणि खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून ठेवली. साहेब आले, खुर्चीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि बसले. मी बटण दाबत गेलो. बोट मांडीवरच. एकदा वर आलं, तेही मी बटण दाबलं नव्हतं तेव्हा.

आठवड्यात त्यांनी व्हीआरएस घेतली. डॉक्टर सगळ्यांना सांगत सुटले, "वाघ म्हणजे काटेकोर माणूस!"

*

चार-पाच वर्षांनी पंचवटीच्या भाजीबाजारात देवरे साहेब दिसले. मेथीच्या जुड्या उलटसुलट करून बघत होते. कानाचं मशीन खिशात. "लावलं, की सगळा बाजार डोक्यात शिरतो," म्हणाले.

मला राहवेना. हळूच म्हणालो, "साहेब, खुर्ची मी रागाने फिरवली होती."

"काय?"

"खुर्ची! रागाने!"

"जोरात बोल, वाघ!"

मी काच, बोट, लग्न, खुर्ची, सगळं पहिल्यापासून ओरडून सांगितलं. शेजारचे रिक्षावाले वळून बघायला लागले. तरी साहेबांना कळेना. शेवटी मेथीवाली बाईच त्यांच्या कानाशी वाकून ओरडली, "बाबा, हे म्हंतात, तुमी काचंत बघून बोट वर करायचे ते यांना म्हाईत व्हतं! मंग लग्नात तुमी कायतरी बोलले म्हून रागानं खुर्ची फिरवली!"

सगळा बाजार माझ्याकडे बघतोय. साहेबांनी मेथीची जुडी खाली ठेवली.

"किती वर्षं माहीत होतं तुला?"

मी तीन बोटं वर केली.

"मग तीन वर्षं का थांबलास?"

आणि उत्तर ऐकायला त्यांनी हाताचा पंजा कानामागे धरला.